बीपीची गोळी आणि चिठ्ठीवरचं नाव

सोलापूरच्या पूर्व भागात औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की चिठ्ठीपेक्षा कापलेली पट्टीच जास्त पुढे येते. विड्या जमा करून परतणारी अक्का पिशवीतून पट्टीचा तुकडा काढते आणि म्हणते, "हीच द्या, बीपीची." तुकड्यावर '5 मि.ग्रॅ.' एवढंच वाचता येतं, नाव कापलेल्या बाजूला गेलेलं असतं. चिठ्ठीवर औषधाचं कोणतं नाव लिहायचं, कंपनीने दिलेलं ब्रँडचं की आतल्या औषधाचं मूळ, हा वाद खरं तर त्या तुकड्याचा आहे.

या औषधांचा जुना इतिहास थोडक्यात असा. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईतल्या एका डॉक्टरांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे 1958 च्या सुमारास लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या गोळ्या आल्या, साठच्या दशकात प्रोप्रानोलॉल आणि 1981 मध्ये कॅप्टोप्रिल ही बीपीची औषधं.

आपल्याकडचा नावांचा गुंता मात्र 1970 च्या पेटंट कायद्याने सुरू झाला. त्यात पेटंट मिळे ते औषध बनवण्याच्या पद्धतीवर, औषधावर नाही. 2005 पर्यंत हीच स्थिती होती. परदेशात पेटंट चालू असतानाच अॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध इथे कितीतरी कंपन्यांनी आपापल्या नावाने विकायला काढलं. त्याने औषधं स्वस्त झाली, हे मोठं काम झालं. पण 'जेनेरिक' या शब्दाचे अर्थ एकमेकांत मिसळले. डॉक्टरांसाठी ते औषधाचं मूळ नाव. पेशंटसाठी, विशेषतः 2008 मध्ये जनऔषधी दुकानं सुरू झाल्यापासून, ती 'स्वस्तातली गोळी'. "जेनेरिक नको, चांगली द्या" म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं, की त्याच्या हातातली ब्रँडची गोळीही बहुतेक वेळा जेनेरिकच, म्हणजे औषध शोधणाऱ्या कंपनीची नव्हे तर दुसऱ्या कंपनीने बनवलेली असते.

नियमांची भाषा टप्प्याटप्प्याने कडक झाली. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमात मूळ नाव 'शक्यतो' लिहा, असं होतं. 2016 च्या दुरुस्तीत 'शक्यतो' गेलं आणि नाव वाचता येईल असं, जमल्यास मोठ्या अक्षरांत लिहा, असं आलं. ऑगस्ट 2023 मध्ये वैद्यकीय नियामकाने मूळ नाव बंधनकारक केलं, न पाळल्यास परवाना काही काळ स्थगित करण्याची तरतूद ठेवली. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात नवे नियम थांबवून 2002 चे पुन्हा लागू झाले.

विरोधातला एक मुद्दा मला पटतो. नुसतं मूळ नाव लिहिलं, तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे काउंटरवर ठरतं आणि सगळ्या कंपन्यांचा दर्जा सारखा नसतो. उलट बाजूही तेवढीच खरी: चिठ्ठीवर ब्रँड असेल, तर शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकता येणारं औषध बदलून द्यायला केमिस्टला कायद्याने मनाई आहे. मूळ नाव तेच असलं तरी. म्हणजे तो ब्रँड संपला, की अक्कांना परत दवाखाना गाठावा लागतो.

तरीही माझा कौल मूळ नावाला आहे. कारण त्या नावात औषधाचं कूळ असतं. शेवटी 'प्रिल' असेल तर कोरडा खोकला लागू शकतो, 'डिपिन' असेल तर घोट्यांवर सूज येऊ शकते, 'लोल' असेल तर नाडी मंदावते. सिव्हिलमधून मिळालेली आणि खासगी डॉक्टरांनी दिलेली अॅम्लोडिपिन एकाच घरात दोन वेगळ्या नावांनी येते, अक्का दोन्ही घेतात, कारण दोन नावं म्हणजे दोन औषधं असंच कुणालाही वाटणार. मग चक्कर येते.

टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीची आणखी एक गोष्ट. ती हवेतला ओलावा ओढते, म्हणून पट्टीतच ठेवायची, घ्यायच्या वेळी फोडायची. आठवडाभराच्या गोळ्या आधीच सोलून डबीत भरणारी घरं इथे पुष्कळ आहेत. पट्टी फेकली की ओलाव्यापासूनचं संरक्षण जातं आणि नावही जातं. पुढच्या वेळी दुकानात दाखवायला राहते ती नुसती पांढरी गोळी.