खानदेशातील लोककला, हस्तकला आणि शालेय शिक्षण

जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, म्हणजे तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या डोंगरात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी, नृत्ये, वाद्ये, मातीकाम, बांबूकाम व भरतकाम आणि त्यांचा वर्गातल्या अध्यापनासाठी होणारा उपयोग, असा या नोंदीचा विषय आहे. यातली बहुतेक कला सणवाराला बांधलेली आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कुंभाराची घागर आणि झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाई, श्रावणी अमावस्येला पोळा, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव, फाल्गुनात होळी. शाळेचे वर्ष आणि हे वर्ष शेजारी शेजारी ठेवले, तर बहुतेक महिन्यांत शिक्षकाच्या हाताशी काही ना काही सापडते. प्रत्यक्षात शाळा या ठेव्याकडे वळते ती स्नेहसंमेलनाच्या नाचापुरती, आणि तिथेच खरे नुकसान होते. नाच दिसतो, त्यामागचे ज्ञान बाहेरच राहते.

कानबाईचा रोट घ्या. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवीचे मुख सजवतात आणि सोमवारी वाजतगाजत तिचे विसर्जन होते. नैवेद्याच्या रोटासाठी अनेक घरांत माणशी सव्वा मूठ गहू मोजून घेण्याची रीत आहे. चार माणसांना पाच मुठी, हे मूल घरातच शिकते. सात माणसांना किती, असे विचारले की वर्ग थबकतो, आणि मग कोणीतरी ‘पावणेनऊ’ म्हणते. सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द पाढ्यांच्या पुस्तकातून गेले असले, तरी रोटाच्या टोपल्यात ते शाबूत आहेत. पुढचा प्रश्न आपोआप येतो : आजीची मूठ आणि नातवाची मूठ सारखी का? तिथून प्रमाणित मापाची गरज सांगायला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. बऱ्याच कुटुंबांत ही मोजणी करताना फक्त पुरुषमाणसे धरतात. मुली हे नेमके टिपतात आणि विचारतातही. शिक्षकाने तो प्रश्न टाळू नये. परंपरा वर्गात आणायची, तर तिच्याविषयीचे प्रश्नही यायला हवेत.

गुलाबाई हा मुलींचा सण. मातीच्या गुलाबाईसमोर रोज संध्याकाळी टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात. सासर-माहेर, हुंडा-दागिने, पीक-पाऊस, सगळे त्यांत येते. शेवटी खाऊ ओळखायचा असतो. झाकलेला डबा कानाशी हलवून ‘यामा काय शे?’ (यात काय आहे?) असे विचारले जाते. खडखड वाजले तर फुटाणे, काहीच वाजले नाही तर शिरा. मुली एकेक प्रश्न विचारत शक्यता गाळत जातात : गोड की तिखट, तळलेले की भाजलेले, ओले की कोरडे. वर्गीकरण आणि तर्क यांचा इतका आनंदाचा पाठ दुसरा नसेल. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांनाही या खेळात घ्यावे, त्यांना तो तितकाच आवडतो.

माती, बांबू आणि धागा ही हस्तकलेची तीन अंगे. ज्वारीच्या धांड्याचे भेंड सोलून, बाभळीचे काटे खिळ्यांसारखे ठोकून केलेली गाडी एकेकाळी प्रत्येक पोराच्या हातात असे. पोळ्याचे मातीचे बैल अजूनही बाजारात दिसतात, पण वर्गात ते घडवायला घेतले की गंमत कळते. शेतातल्या काळ्या मातीचा बैल दोन दिवसांत तडकतो, पाय गळून पडतो. कुंभाराकडे जाऊन विचारले की तो नदीकाठची गाळाची माती, राख आणि लीद दाखवतो. काळी माती वाळताना फार आकसते, राख-लीद मिसळलेली कमी आकसते. शिवाय भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. माठातले पाणी गार का राहते, याचे उत्तर तिथे हातात येते. मांडे भाजायचे उपडे खापर हेही याच कुंभाराच्या हातचे. चाळीसगाव परिसरातील तांड्यांवरचा बंजारा कशिदा, भिंगे आणि रंगीत दोऱ्यांची ती मोजून घातलेली नक्षी, सममिती शिकवायला आरशाइतकीच उपयोगी आहे.

नंदुरबारच्या डोंगरात भिल्ल, पावरा व कोकणा समाजांची कला आणखी वेगळी. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणारी पावरी दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि बैलाचे शिंग यांपासून बनते. वादक छिद्रे उघडतो-मिटतो, तसा नळीतल्या हवेच्या स्तंभाचा लांबपणा बदलतो आणि स्वर चढतो-उतरतो. आठवी-नववीच्या ध्वनीच्या धड्याला याहून चांगले उपकरण कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. बांबूचे उंच टोप, मोरपिसे, कमरेला सुके भोपळे व घुंगरू अशा वेशातले बावा आणि बुध्या रात्रभर ढोलावर नाचतात. हे नाचणारे नवसाचे असतात. काही दिवस ते अंघोळ करत नाहीत, खाटेवर बसत नाहीत, कडक पथ्ये पाळतात. म्हणून शाळेच्या मंचावर क्रेप कागदाचे टोप घालून त्याची नक्कल करणे बरे नव्हे. टोप कसा विणतात हे शिकावे, पथ्यांचा अर्थ जाणत्या माणसाकडून ऐकावा, वेश मात्र त्यांचाच राहू द्यावा.

या कलांचे शैक्षणिक मोल भाषेत सगळ्यांत जास्त जाणवते. अहिराणी, भिलोरी किंवा पावरा समाजाची पावरी बोली बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला अर्धी परकी असते. गाण्याच्या वाटेने ते अंतर लवकर तुटते, कारण चाल आणि प्रसंग त्याच्या ओळखीचे असतात. वहीगायन या इथल्या लोकगायनाच्या प्रकारात पुढचा गायक ओळ टाकतो आणि साथीदार ती झेलतात. हीच रीत वाचनासाठी वापरता येते. जे मूल एरवी तोंड उघडत नाही, ते झेलकऱ्यांत हमखास सामील होते. सातपुड्यातील नर्मदाकाठी नर्मदा बचाओ आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांनी मुलांची बोली, गाणी आणि खेळ शिक्षणात आणले, ही या दिशेची महत्त्वाची वाटचाल आहे.

हा विचार खानदेशाला नवा नाही. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून त्याची सजावट उभी केली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नयी तालीमची मांडणी झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 10 दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सोबतीने शिकण्याची तरतूद आहे.

अडचणीही आहेत. चित्रकलेच्या तासाला खानदेशातही सर्रास वारली चित्रे काढून घेतली जातात. ती सुंदर आहेत, पण ती पालघर-ठाण्याच्या भागातली. आपल्या गावचा कुंभार, पावरीवाला, कशिदा काढणारी बाई वर्गाबाहेरच राहतात. या माणसांना शाळेत बोलावले, तर टाळ्या आणि नारळ मिळतो, दिवसाची मजुरी मात्र बुडते. ती भरून देण्याची सोय शाळेच्या खर्चात करायला हवी. त्याहून बरे म्हणजे मुलांनीच चाकाकडे जावे. कुंभार फिरत्या चाकावर अंगठा दाबून घागरीचा काठ उचलतो तो क्षण फळ्यावर काढून दाखवता येत नाही. मुले पुढे सरकतात, एकजण हात लावतो, काठ वाकडा होतो, आणि कुंभार काही न बोलता तोच गोळा पुन्हा मळायला देतो.