‘शी-शू सांगतो का?’ या प्रश्नामागचा इतिहास

विशेष मुलाला घेऊन आईवडील शाळेत गेले की पहिल्या काही मिनिटांतच प्रश्न येतो, ‘शी-शू सांगतो का?’ बडोद्यात तो बहुधा गुजरातीत येतो, एवढाच फरक. मुलाला काय आवडतं, ते कशाने शांत होतं, ही चौकशी मागाहून, आणि कधी कधी राहूनही जाते. शाळेच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. मदतनीस बाई एकच आणि मुलं पंधरा असली की तो विचारावाच लागतो. पण मुलाला स्वतःची निगा शिकवायची ती कोणासाठी, त्याच्यासाठी की त्याला सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी, हा पेच विशेष शिक्षणाच्या जन्मापासून चालत आला आहे.

१८०० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेकडे आवेरोंच्या रानात सापडलेला एक मुलगा पॅरिसला आणला गेला. बोलणं नाही, अंगावर कपडे टिकत नाहीत, थंडी-उष्णतेची जाणीवही नाही. ज्यां इतार या तरुण डॉक्टरने त्याला हाती घेतलं आणि व्हिक्टर हे नाव दिलं. इतारने अक्षरांच्या आधी अंघोळ शिकवायला घेतली. रोज तासन्‌तास गरम पाणी. अंगाला ऊब कळू लागली तशी गारठ्याचीही जाणीव होऊ लागली. मग सकाळी कपडे शेजारी ठेवून त्याला थंड हवेत उभं केलं की तो आपणहून ते चढवू लागला. ओल्या अंथरुणात गार वाटतं हे उमगल्यावर अंथरूणही कोरडं राहू लागलं. पुढे काही वर्षं खपूनही व्हिक्टर बोलायला शिकला नाही. इतारच्या खात्यावर पहिलं यश जमा आहे ते कपड्यांचं आणि कोरड्या अंथरुणाचं. खरं तर रोजचं धुणं-पुसणं, जेवूखाऊ घालणं मादाम गेरां नावाच्या बाई करत. पाठ्यपुस्तकांत त्या एखाद्या ओळीपुरत्या येतात. हेही तेव्हापासूनचंच.

इतारचा शिष्य एदुआर सेगॅं याने हे काम पुढे नेलं. हात, डोळे, स्नायू आधी, बुद्धी त्यांच्या वाटेने येईल, असा त्याचा क्रम होता. नंतर तो अमेरिकेत गेला. त्याच्या विचारांवर तिथे संस्था निघाल्या त्या शाळा म्हणून. पण एकोणिसावं शतक संपेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच संस्था माणसं कोंबून ठेवायच्या जागा झाल्या होत्या. तिथे स्वच्छता म्हणजे वॉर्डाची स्वच्छता. रबरी नळीने रांगेत अंघोळ घातली की काम झालं.

सेगॅंची खरी वारस निघाली रोममध्ये. मारिया मॉन्टेसरी डॉक्टर झाल्यावर मंदबुद्धी म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसोबत काम करत होत्या. त्यांनी इतार आणि सेगॅं यांचं लेखन हाताने उतरवून काढलं. १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत कामगारांच्या मुलांसाठी बालघर उघडलं, तेव्हा विशेष मुलांसोबतचा तो सगळा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. बटणं, हूक, नाड्या लावलेल्या लाकडी चौकटी, हात धुण्याचा सावकाश धडा, हे सगळं त्या परंपरेतलं. भारतात ही पद्धत मॉन्टेसरींच्या आधीच पोचली. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडक तिथे कामाला गेल्या. नखं कापणं, केस विंचरणं, स्वतःची वाटी स्वतः विसळणं हा बालमंदिरात अभ्यासच मानला गेला. स्वतः मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या.

यात एक विचित्र उलटापालट झाली, तिच्याकडे फारसं कोणी बोट दाखवत नाही. साधनांची मुळं विशेष मुलांसाठी केलेल्या कामात. ती पोचली बालवाड्यांत. आणि त्याच बालवाड्यांच्या दारावर विशेष मुलाला ‘आमच्याकडे सोय नाही’ असं ऐकावं लागलं. मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी. पुण्यात कामायनी १९६४ ची, नाशिकला प्रबोधिनी १९७७ ची. तोवर अशी मुलं घरातच वाढत. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत मागच्या खोलीत असा एखादा काका किंवा आत्या असे. त्यांची अंघोळ, जेवण, कपडे सगळं घरातल्या बायका करत, आणि मायेने करत. शिकवावं असं कोणाला वाटत नसे, कारण शिकता येईल असंच वाटत नसे.

शिकता येतं हे आधी मोजमापाने दाखवलं. १९३५ मध्ये अमेरिकेत व्हाइनलँडच्या प्रशिक्षण शाळेत एडगर डॉल यांनी सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी तयार केली. मूल गणित किती करतं हे ती विचारत नाही. स्वतः जेवतं का, बटण लावतं का, तोंड धुतं का, एकटं कुठवर जातं, हे विचारते. तिचं भारतीय रूप नागपूरला डॉ. मालिन यांनी तयार केलं, आणि आजही अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी करताना मानसशास्त्रज्ञ ती वापरतात.

बडोद्याचा वाटा याच मोजमापाच्या कामात आहे. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या, आणि लगेचच गृहविज्ञान शाखा निघाली. तिच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीचा अभ्यास मांडला. मान कधी धरतं, कधी बसतं, वस्तू कशी उचलतं, याचे परदेशी आकडे आपल्या बाळांना लावायचे की आपले वेगळे काढायचे, हा त्यांचा प्रश्न. त्यातून ‘बडोदा नॉर्म्स’, म्हणजे कोणत्या वयात काय जमतं याचे भारतीय आकडे, आले. त्यांवर उभ्या राहिलेल्या भारतीय श्रेणीत ६७ शारीरिक हालचालींच्या आणि १६३ बौद्धिक कृती आहेत. देशभरच्या बालरोग विभागांत बडोद्याचं नाव आजही त्यामुळे घेतलं जातं. पण ही श्रेणी तिसाव्या महिन्याला थांबते, आणि शी-शूची आईची खरी चिंता तिथून सुरू होते. बाळ मागे आहे हे कळायची सोय बडोद्याने लवकर केली. पुढे काय शिकवायचं, ते दुसरीकडून आलं.

ते आलं वर्तनशास्त्रातून, आणि त्याचा चेहरा फार प्रेमळ नव्हता. १९७१ मध्ये नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी संस्थेत राहणाऱ्या तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या माणसांना झपाट्याने शौचाची सवय लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भरपूर पेयं प्यायला द्यायची, ठरावीक वेळाने बसवायचं, ओलं होताच वाजणारी चड्डी घालायची, जमलं की लगेच खाऊ आणि शाबासकी. चुकलं तर जागा पुसणं, कपडे धुणं त्याच्याकडूनच करवून घ्यायचं. गुण आला, यात शंका नाही. ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी हात टेकले होते ती माणसं कोरडी राहू लागली. पण चुकीनंतरचा तो भाग शिक्षेच्या फार जवळ जातो, आणि आज जाणते शिक्षक तो गाळतात.

याच काळातली जास्त टिकाऊ देणगी म्हणजे कृतीचे तुकडे करणं. ‘चड्डी घालणं’ ही एक कृती नाही. धरणं, पुढची बाजू ओळखणं, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेवर. शिकवायचं शेवटाकडून: सगळं आपण करायचं, कमरेवर ओढण्याचं तेवढं मुलाने. ते जमलं की मांडीपासून. दर वेळी काम मुलाच्या हातून संपतं. १९६९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावातून सुरू झालेल्या कार्यक्रमाने हे संस्थेतून उचलून घरी आणलं. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येणार, रोज शिकवणार आई. त्यांच्या यादीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० कृती होत्या, आणि स्वावलंबन हा एक स्वतंत्र विभाग होता.

यादी भारतात आली तशी अडली. काटा-चमचा, टबमधली अंघोळ, टॉयलेट पेपर. आपल्याकडे उजव्या हाताने पाण्याचा मग तिरका करून मागे पाणी सोडायचं, डाव्या हाताने धुवायचं, तेही न पाहता, उकिडवं बसून तोल सांभाळत. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या मुलाच्या टाचा अनेकदा टेकत नाहीत. त्याला उकिडवं बसणंच अर्धी लढाई असते. मद्रासच्या जयचंद्रन आणि विमला यांनी १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० कृती अशी भारतीय पद्धत बांधली. १९८४ मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय मतिमंद संस्था सुरू झाली. शौच, दात घासणं, अंघोळ, कपडे यांवर तिने चित्रांच्या सोप्या पुस्तिका काढल्या. विशेष शिक्षकांच्या एका अख्ख्या पिढीच्या पिशवीत त्या होत्या.

तरीही मूळ पेच सुटला नव्हता, हे १९९४ च्या फेब्रुवारीत दिसलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते स्वच्छतेचं: पाळीत या मुलींना स्वतःची निगा राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांना कमरेवर चड्डी ओढायला शिकवता येतं, त्यांना पॅड लावायला शिकवण्याचा प्रयत्न किती महिने झाला होता, याचं उत्तर कोणी द्यायला हवं होतं. हा विषय तेव्हा बडोद्यातही घराघरांत दबक्या आवाजात बोलला गेला असणार. वयात आलेली मुलगी घरात असलेल्या आईला ती बातमी परकी नव्हती.

२००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. २०१६ च्या कायद्याने व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी शस्त्रक्रिया करायला मनाई केली. शिकवण्याचा क्रमही सरकला. पाळीची तयारी आता नवव्या-दहाव्या वर्षीच सुरू करा असं सांगतात: रोज थोडा वेळ कोरडं पॅड लावून बसणं, मग लाल रंगाचे थेंब टाकून ‘बदलायचं कधी’ हे दाखवणं, गुंडाळून ठरलेल्या डब्यात टाकणं.

मुलग्यांचं मात्र मागेच राहिलं आहे. मांजलपूर-कारेलीबागेतल्या फ्लॅटांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईच अंघोळ घालताना दिसते, कारण लहानपणापासून तीच घालत आली. घरच्या जेट स्प्रेवर शिकलेला मुलगा शाळेतल्या मगपाशी अडतो, हा पुन्हा वेगळाच घोळ. दाढी, काखेतली स्वच्छता, लघवीनंतरची स्वच्छता हे बाबांनी, आजोबांनी किंवा काकांनी शिकवायला हवं, असं विशेष शिक्षिका आता स्पष्ट सांगतात. मुलाला काय शिकवायचं याच्या आराखड्यात त्या दोन ओळी वेगळ्या लिहितात: स्वतः अंघोळ करणं ही एक, आणि आत गेल्यावर दार लावून घेणं ही दुसरी.