दोन महिन्यांचे राज्यकर्ते

इटलीतल्या सिएना शहरावर १२८७ ते १३५५ या काळात नऊ जणांचं राज्य होतं. पण तेच ते नऊ नव्हेत. दर दोन महिन्यांनी सगळेच्या सगळे बदलत. निवड झाली की हे लोक घरदार सोडून सरकारी वाड्यात राहायला जात. तिथंच जेवण, तिथंच झोप, आणि सणवार सोडले तर बाहेर पडायची जवळपास बंदीच. यातले बहुतेक व्यापारी आणि सावकार, म्हणजे दुकान आणि पेढी तेवढे दिवस दुसऱ्यांच्या भरवशावर. याला सत्ता म्हणायचं की नजरकैद, असा प्रश्न पडतो.

या मंडळाचं नावच ‘नोवे’, म्हणजे नऊ. शहराचे तीन भाग होते आणि प्रत्येकातून तीन जण घेतले जात. एकाच वेळी बाप-लेक, भाऊ-भाऊ किंवा एकाच पेढीतले भागीदार बसू शकत नसत. मोठ्या सरदार घराण्यांना या पदाची दारं बंदच होती. वकील-न्यायाधीश आणि वैद्यांनाही. आणि एकदा दोन महिने भरले की त्या माणसाला पुढचे वीस महिने पुन्हा येता येत नसे.

या शेवटच्या नियमाचं गणित करून बघण्यासारखं आहे. दोन अधिक वीस, म्हणजे एक माणूस बावीस महिन्यांतून एकदाच. बावीस महिन्यांत अकरा पाळ्या, प्रत्येकीत नऊ जण. म्हणजे गाडा चालू ठेवायचा तर किमान ९९ लायक माणसं कायम हाताशी हवीत. एखाद्या घराण्याने कितीही जोर लावला तरी राज्य खिशात घालणं अवघड. त्यात पुढे नावं पेटीत टाकून चिठ्ठी काढायची पद्धत आली. ज्याचं नाव कधी निघणार हेच माहीत नाही, त्याला आधीपासून लाच तरी कशी द्यायची?

नियम करणाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, हे उघड आहे. त्याला कारणही होतं. तोलोमेई आणि सालिंबेनी अशा घराण्यांची पिढीजात वैरं रस्त्यावर रक्त सांडत. शेजाऱ्याच्या हाती न्याय गेला की आपलं काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून न्यायनिवाड्याचा मुख्य माणूस, ‘पोदेस्ता’, बाहेरगावाहून भाड्याने आणला जाई! त्याने आपले न्यायाधीश, कारकून आणि शिपाई बरोबर घेऊन यायचं. गावातल्या कुणाकडे जेवायला जायचं नाही. आणि मुदत संपली की लगेच निघायचंही नाही. त्याच्या कारभाराची चौकशी होई, लोकांच्या तक्रारी ऐकल्या जात, आणि हिशेब चुकता झाल्यावरच त्याची सुटका. बदलीच्या ऑर्डरवर दुसऱ्याच दिवशी गाव सोडणाऱ्या साहेबांची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा नियम फार गोड वाटतो.

तिजोरीचीही तीच कथा. ‘बिकेर्ना’ या खात्याचा खजिनदार बऱ्याचदा सान गालगानोच्या मठातला साधू असे. ज्याला बायकापोरं नाहीत, पेढी नाही, गावात सोयरीक नाही, असा माणूस शोधून आणलेला. दर सहा महिन्यांच्या हिशेबवहीच्या लाकडी फळीवर चित्र काढून घ्यायची प्रथा होती. उपलब्ध चित्रांतलं सर्वांत जुनं १२५८ सालचं, आणि त्यात असाच एक साधू, उगो नावाचा, रंगवलेला आहे. सरकारी हिशेबवह्या आज संग्रहालयात कलाकृती म्हणून पाहिल्या जातात, असं दुसऱ्या कुठल्या खात्याच्या नशिबी आलं असेल?

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावते ती १३०९ सालची गोष्ट. शहराचे कायदे लॅटिनमध्ये होते. नऊ जणांच्या सरकारने ते लोकांच्या बोलीत उतरवून घ्यायचं ठरवलं. प्रत मेंढीच्या चांगल्या कातड्यावर, ठळक, सुवाच्य अक्षरात लिहायची आणि बिकेर्नात ठेवायची, म्हणजे लॅटिन न येणाऱ्या गरिबांनाही ती पाहता येईल आणि हवी तर नक्कलही करून घेता येईल. ‘सुवाच्य’ ही अट सरकारी ठरावातच घातलेली.

या सगळ्या कारभाराचा खरा कस लागला तो पाण्यात. सिएना टेकड्यांवर वसलेलं आणि जवळ नदी नाही. मात्र टेकड्यांची रचना कामाची आहे. वर सच्छिद्र वाळूचा थर, खाली चिकणमाती. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि चिकणमातीवर येऊन अडतं. ते अडलेलं पाणी गोळा करायला लोकांनी जमिनीखाली बोगदे खणले. त्यांना ‘बोत्तिनी’ म्हणतात आणि त्यांची लांबी सुमारे २५ किलोमीटर भरते. बोगद्याच्या तळाशी अरुंद पन्हळ, आणि तिचा उतार किलोमीटरमागे जेमतेम मीटरभर. जास्त उतार दिला तर पाणी शहराच्या खालून निघून जाणार, कमी दिला तर गाळ साचणार. होकायंत्र आणि साध्या पातळीमापकांच्या जमान्यात, दिव्याच्या उजेडात, हे साधलं. १३४२ मध्ये मुख्य चौकात पाणी खेळलं तेव्हा गावाने मोठा उत्सव केला.

जुन्या फोंतेब्रांदा कारंज्याला एकाला लागून एक अशी कुंडं होती. पहिलं प्यायला, त्यातून सांडलेलं दुसऱ्यात जनावरांना, त्यातून सांडलेलं तिसऱ्यात धुण्याला, आणि मग उरलेलं पाणी गिरण्यांकडे आणि कातडी कमावणाऱ्यांकडे. पाण्याचा थेंबही फुकट नाही.

याला लोकशाही म्हणायची घाई करू नये. मजूर, लोकर विंचरणारे, बायका यांची नावं त्या पेटीत कधी पडलीच नाहीत. एका श्रीमंत थराने दुसऱ्या श्रीमंत थराला आवर घातला, एवढंच. नऊ जणांच्या बैठकीच्या खोलीत आंब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये भिंतभर चित्रं काढली. एका भिंतीवर चांगल्या राज्यातलं शहर: चांभाराचं दुकान, शाळेतला गुरुजी, परांचीवरचे गवंडी, नाचणाऱ्या आकृती. समोरच्या भिंतीवर शिंगं असलेला जुलमी राजा. कारभाऱ्यांनी दोन महिने हे डोळ्यांसमोर ठेवून बसायचं.

१३४८ ला प्लेग आला. शहराची निम्म्याहून अधिक वस्ती गेली असं मानतात. आन्योलो दी तुरा या बखरकाराने आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. कारभारासाठी ९९ माणसं हवीत, आणि कितीतरी जण काही महिन्यांत मातीआड झालेले. तरी नोवे सात वर्षं टिकले. १३५५ च्या मार्चमध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा चौथा कार्ल गावात आला तेव्हा वगळलेले सरदार आणि वगळलेले कष्टकरी एकत्र उठले. त्यांनी कागदपत्रं जाळली, आणि ज्या पेटीतून पुढच्या कारभाऱ्यांची नावं निघायची ती एका गाढवाच्या शेपटीला बांधून गावभर फरफटत नेली.