सूत्र

सूत्र (नपुंसकलिंगी नाम) म्हणजे मुळात धागा, दोरा. ‘सिव्’ म्हणजे शिवणे, या संस्कृत धातूशी त्याचे नाते लावतात. हा शब्द भूमितीतही आहे आणि गोष्टीतही, आणि ताणलेली दोरी दोन्हीकडे अजून जाणवते.

यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांच्या नावातला ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. ‘सूत्र’ म्हणजे मोजक्या शब्दांत बांधलेले वचन. आयताच्या कर्णावरचा चौरस दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाने अशाच एका सूत्रात सांगितले. शाळेतले ‘क्षेत्रफळाचे सूत्र’ याच अर्थाचे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) मात्र सूत्र हा खराच दोरा आहे. १५ आणि १० हात उंचीचे दोन वेळू उभे आहेत. प्रत्येकाच्या बुंध्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत एकेक सूत्र ताणले. ती जिथे छेदतात तिथून जमिनीपर्यंतचा लंब किती? उंचींच्या गुणाकाराला बेरजेने भागा: १५० भागिले २५, म्हणजे ६ हात. वेळूंमधले अंतर दिलेलेच नाही, कारण ते कितीही असो, उत्तर तेच येते. दोन काठ्या रोवून, दोरे बांधून हे एकदा पाहावेच. काठ्या जवळ आणा, लांब न्या, गाठीची उंची हलत नाही.

दोरी धरणारा तो सूत्रधार. जुन्या शिलालेखांत हा शब्द मंदिर बांधणाऱ्या स्थपतींसाठी येतो, आणि आपला ‘सुतार’ त्याच शब्दावरून आला. सुताराने रंगात भिजवलेला दोरा फळीवर ताणला आणि मधून उचलून सोडला की सरळ रेघ उमटते. ‘सुतासारखा सरळ’ म्हणतात तो असा. कारागिरांच्या मापात इंचाचा आठवा भागही ‘सूत’च.

संस्कृत नाटकात सूत्रधार प्रस्तावना करतो. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत (सांगली, १८४३ पासून) त्याचे काम फार मोठे होते: कथा तो पदांतून गाऊन पुढे नेई, पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी करीत. म्हणजे गोष्टीचा आराखडा त्याच्याच हाती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांत तर सूत्र पुन्हा शब्दशः दोरा होते. ‘कथासूत्र’ म्हणजे प्रसंगांना ओवून ठेवणारा धागा. तो सुटला की प्रसंग कितीही रंगतदार असोत, गोष्ट विस्कटते.

रोजच्या भाषेत कारभाराची सूत्रे हाती घेतात, कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करतात, दोघांचे सूत जुळते. ‘सूतोवाच’ मात्र या कुळातला नाही: तिथला ‘सूत’ म्हणजे पुराणे सांगणारा कथेकरी, ‘सूत उवाच’ मधला.