पडद्यामागची चार बोटं जागा

एप्रिल लागला की ‘हीटप्रूफ’, ‘थर्मल’, ‘ब्लॅकआऊट’ अशा नावांचे पडदे नागपूरच्या दुकानांत पुढे मांडले जातात. खोली इतक्या-इतक्या अंशांनी थंड होईल, असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो. पडदा घरी येतो, पश्चिमेच्या खिडकीला लागतो, भर दुपारी दिवा लावावा इतका अंधार होतो. पण चार वाजता त्याच पडद्याला हात लावून पाहा, तो चांगलाच तापलेला असतो आणि पंखा गरम हवाच फिरवत असतो. उजेड अडवला म्हणजे ऊन अडवलं, हा समज इथे फसवतो. उजेड कापडावर थांबतो, त्यातली ऊर्जा थांबत नाही. ती कापडात मुरते. तिथून ती खोलीत येणार की बाहेर जाणार, हे पडद्याच्या जाडीपेक्षा पडदा आणि काच यांच्या मधल्या चार बोटं जागेवर जास्त अवलंबून असतं.

आधी ऊन येतं किती, ते पाहू. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळपास शिरतच नाही. पश्चिमेची खिडकी मात्र वेगळी. तिच्या डोक्याला लागून दोन फुटांचा छज्जा आहे असं धरा. दुपारी दोनला सूर्य क्षितिजापासून ६५ अंश वर असतो, त्यामुळे चार फूट उंचीची खिडकी पूर्ण सावलीत राहते. चारला तो ३७ अंशांवर उतरतो आणि छज्जाची सावली जेमतेम दीड फूट पडते. पाचला सूर्य २३ अंशांवर, सावली दहा-अकरा इंच. म्हणजे बाहेरची हवा सर्वांत तापलेली असते त्याच वेळी छज्जा हात टेकतो. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी तिरकं ऊन लागतं.

मे महिन्यात चारच्या सुमारास पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतं. चार बाय चार फुटांची खिडकी म्हणजे दीड चौरस मीटर. साधी काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते. छज्जा नसेल तर हिशेब ७०० वॅटच्या पुढे जातो. थंड देशांत खिडकीखाली, जमिनीलगत भिंतीला बसवतात त्या विजेच्या बेसबोर्ड हीटरची ताकद फुटाला साधारण २५० वॅट असते. म्हणजे आपल्या एका खिडकीत मे महिन्यात जवळपास तीन फुटी हीटर चालू असतो. हा हीटर आणि हा पडदा यांचं भौतिकशास्त्र एकच आहे, म्हणून पुढे दोन्ही एकत्र घेतले आहेत.

उन्हातली बहुतेक ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असते. काच तिला वाट देते. ५० अंशांना तापलेलं कापडही प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, सोडतं, पण त्याचा जोर ९ मायक्रोमीटरच्या आसपास असतो, आणि काचेतून ते आरपार जात नाही. काच ते शोषून स्वतः तापते. थोडक्यात, कापडावर पडलेलं ऊन उजेडाच्याच रूपात परत काचेबाहेर फेकलं गेलं तर सुटका होते. एकदा त्याची उष्णता झाली की परतीचा सरळ रस्ता बंद. म्हणून पडद्याची काचेकडची बाजू पांढरीशुभ्र हवी. गडद कापड आपल्यावर पडलेल्या उन्हाचा बहुतांश भाग गिळतं, पांढरं अस्तर निम्म्याहून जास्त परतवतं.

तरीही पांढऱ्या अस्तरात काही ऊन मुरतंच, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. तापलेलं कापड काच आणि पडदा यांच्या मधल्या पोकळीतल्या हवेला तापवतं. ३५ अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १.१५ किलो भरते, ४५ अंशांची १.११ किलो. हा चाळीसेक ग्रॅमचा फरक पुरेसा असतो. हलकी हवा वर चढते, रॉडजवळच्या फटीतून खोलीत सांडते आणि तिच्या जागी खालून, पडद्याच्या काठाखालून, खोलीतली गार हवा आत खेचली जाते. चुलीवरचं धुराडं नेमकं असंच ओढतं. पोकळीची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, या दोन गोष्टींवर ओढ ठरते.

आकडे घालून पाहू. धुराड्यातला आदर्श वेग काढायचा तर गुरुत्वीय त्वरणाची दुप्पट, गुणिले उंची, गुणिले तापमानातला फरक, भागिले निरपेक्ष तापमान, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. उंची १.२ मीटर, फरक १० अंश, निरपेक्ष तापमान (३५ अंश अधिक २७३) ३०८ केल्व्हिन. उत्तर येतं सेकंदाला ०.८७ मीटर. चुण्या, घर्षण, वर-खालच्या अरुंद फटी यांत बराच वेग मरतो, म्हणून सेकंदाला पाव मीटर धरू. पडदा काचेपासून ८ सेंटीमीटरवर, खिडकी १.२ मीटर रुंद, म्हणजे सेकंदाला २४ लिटर हवा पडद्यामागून फिरून येते. तिचं वजन २७ ग्रॅम. १ ग्रॅम हवा १ अंशाने तापवायला १ ज्यूल लागतो, असं सोयीसाठी धरलं तर २७ ग्रॅम हवा १० अंशांनी तापून येते म्हणजे २७० ज्यूल दर सेकंदाला, अर्थात २७० वॅट. कापड खोलीकडे जे प्रारण सोडतं ते वेगळंच.

पुढची बाब जास्त महत्त्वाची. तापमानातला फरक दुप्पट झाला तर वेग दुप्पट होत नाही, वर्गमुळाच्या हिशेबाने १.४ पट होतो. पण हवेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर येणारी उष्णता दुप्पट असते. दोन्हींचा गुणाकार २.८ पट. म्हणजे उष्णता फरकाच्या दीडाव्या घाताने वाढते. गडद अस्तराचा पडदा पांढऱ्यापेक्षा थोडाच जास्त तापला तरी खोली बरीच जास्त का तापते, याचं उत्तर इथे आहे. आणि याच गणितातून उपायही निघतो. धुराडं चालायला दोन तोंडं लागतात. वरचं तोंड बंद केलं की ओढ संपते. गरम हवा पोकळीत वर साचून राहते आणि जाडजूड कापडापेक्षा ही थांबलेली हवाच उत्तम रोधक ठरते.

आता थंड देशांकडे वळू, कारण नागपूरच्या अनेक घरांतली मुलं-सुना कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि आईवडील तिकडे जाताना सामानात इथून शिवलेले पडदे नेतात. बेसबोर्ड हीटरच्या पत्र्याच्या खोक्यात तापणारी नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या असतात. खालच्या फटीतून गार हवा शिरते, वरच्या फटीतून गरम हवा निघते, पंखा नसतो. काही घरांत विजेऐवजी त्या नळीतून गरम पाणी खेळवतात, हवेची चाल तीच. हा हीटर मुद्दाम खिडकीखाली बसवतात, कारण थंड काचेवरून खाली घसरणाऱ्या गार हवेला वर येणारी गरम हवा वाटेतच गाठते. त्यावर जमिनीपर्यंतचा पडदा सोडला की गरम हवा खोलीत येण्याऐवजी पडद्यामागच्या धुराड्यात शिरते, बर्फाळ काचेला चाटत वर जाते आणि आपली उष्णता काचेला देऊन टाकते. खोली गार, थर्मोस्टॅट हीटर चालूच ठेवतो आणि बिल फुगतं. कापड हीटरला टेकलं तर त्याहून वाईट. हवा कोंडते, पत्रा जास्त तापतो. आतला सुरक्षा-कटआऊट वीज तोडतो खरा, पण त्याच्या भरवशावर कापड ठेवू नये. पॉलिस्टर वितळतं, सुती कापड आधी करपतं आणि मग पेट घेतं.

माप असं घ्यावं. हीटरची उंची ८ इंच धरा, त्याच्या वर किमान ६ इंच मोकळे सोडा. म्हणजे पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून १४ इंचांच्या वरच हवा. रॉड ८४ इंचांवर असेल तर पडद्याची लांबी जास्तीत जास्त ७० इंच. आपल्याकडे तयार मिळणारा खिडकीचा ५ फुटी पडदा तिथे नीट बसतो. दाराचा ७ फुटी पडदा थेट जमिनीला टेकतो, तो नेऊ नये. लांबच पडदा हवा असेल तर रॉडचे ब्रॅकेट इतके बाहेर काढा, की पडद्याची सर्वांत आतली चुणीही हीटरच्या तोंडापासून किमान तीन इंच पुढे राहील आणि काठ जमिनीपासून एक इंच वर. हीटर बनवणाऱ्याच्या पत्रकात यापेक्षा जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळायचं. सर्वांत चांगला पर्याय म्हणजे चौकटीच्या आत बसणारा रोलर किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचा ब्लाइंड. तो खिडकीच्या कट्ट्यावरच संपतो, त्यामुळे हीटरशी संबंधच येत नाही. मात्र रात्रभर बंद पडद्यामागे काच आणखी गार होते आणि घरातली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते. सकाळी पडदा उघडून ते पुसलं नाही तर लाकडी चौकट बुरशी धरते.

परत नागपुरात. इथे पहिला उपाय काचेच्या बाहेरचा. ऊन काचेबाहेरच अडलं तर कापड कितीही तापो, त्याची उष्णता अंगणातच राहते. आतल्या पांढऱ्या पडद्याने खिडकीतून येणारी उष्णता साधारण निम्मी होते, बाहेरच्या चांगल्या सावलीने ती पाचव्या हिश्शापर्यंत उतरते. ७५ टक्के सावलीची हिरवी नेट किंवा बुरडाकडची बांबूची चिक पुरे. पण बांधताना एक चूक हमखास होते. नेट थेट ग्रीलला, काचेला चिकटून बांधली जाते. मग तापलेली नेट काचेलाच शेकते. काच आणि नेट यांत ६ ते ९ इंच ठेवा, वरची आणि खालची बाजू मोकळी सोडा. आत जे धुराडं आपण बंद करणार आहोत तेच बाहेर मुद्दाम चालू ठेवायचं, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. नेटच्या काठाला दुमड घालून दर दीड फुटावर आयलेट, म्हणजे दोरी ओवायची धातूची कडी, ठोका, नाहीतर मेमधली पहिलीच वावटळ ती फाडून नेईल.

भाड्याच्या घरात किंवा उंच मजल्यावर बाहेर काही लावता येत नसेल तर आतला पडदा नीट शिवून घ्या. काचेकडे पांढरं सुती अस्तर, रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट. रॉडच्या वर पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी खोक्यासारखी चौकट, हवं, आणि पेल्मेटला वरून फळी हवी. नुसती समोरची पट्टी असेल तर हवा तिच्यामागून सरळ निघून जाते. दोन्ही कडांना भिंतीवर वेल्क्रोची पट्टी, खालचा काठ कट्ट्याला टेकलेला. इतकं केलं की पोकळी थंडावत नाही, उलट जास्त तापते, पण ती उष्णता तिथेच राहते. इथे एक सावधगिरी हवी. काळी फिल्म लावलेली किंवा रंगीत काच अशा बंद पोकळीत मध्यभागी खूप तापते, चौकटीत दडलेली कड मात्र गार राहते, आणि त्या ताणाने काच कडेपासून तडकू शकते. अशा काचेला वरून थोडी फट ठेवलेली बरी.

पश्चिमेला कोणत्या रंगाचा पडदा शुभ, याचे वास्तूचे तक्ते फिरत असतात. त्यांना काहीही आधार नाही. रंगाचा परिणाम आहे, पण तो काचेकडच्या बाजूच्या रंगाचा. खोलीकडून मरून ठेवा की मोरपंखी, उष्णतेत फरक पडत नाही. दुकानातल्या ‘दहा अंश थंड’ या दाव्यालाही एकच प्रश्न विचारावा: कुठे मोजलं? ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. संवेदकात बिघाड होता, हे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. पडद्यामागच्या पोकळीत मोजलेलं आणि खोलीच्या मध्यभागी मोजलेलं तापमान यांतही असाच मोठा घोळ होतो.

राहिला कूलर. तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून तेवढीच हवा बाहेर जायला वाट लागते; नाहीतर खोली दमट होते आणि गारवा जाणवत नाही. बहुतेक घरांत ही वाट म्हणजे उघडं दार. त्याऐवजी पश्चिमेच्या खिडकीची फट वापरा. जुन्या लाकडी खिडकीची वरची झडप उघडा. स्लायडिंग असेल तर पल्ला तीन-चार इंच सरकवा. या वेळी पडद्याचा खालचा काठ कट्ट्यापासून दोन इंच वर हवा, वरची फळी बंदच. कूलरच्या दाबाने खोलीतली हवा काठाखालून पोकळीत शिरते, तापलेल्या अस्तराची उष्णता गोळा करते आणि फटीतून बाहेर पडते. अडीचशे वॅटचं धुराडं उलटं चालू लागतं, तेही विजेचा वेगळा खर्च न करता.

हे जमलं का, ते पाहायला उदबत्ती पुरते. चारच्या सुमारास ती कापडापासून हातभर दूर, पडद्याच्या खालच्या काठाच्या उंचीवर धरा, मग वरच्या काठाच्या उंचीवर. कूलर बंद असताना धूर खाली पडद्याकडे ओढला गेला आणि वर पडद्याकडून खोलीत आला, तर पेल्मेटची फट बुजवायची राहिली आहे. कूलर चालू असताना तो खालून पोकळीत शिरला पाहिजे आणि वरून परत येता कामा नये. येत असेल तर पल्ला आणखी दोन इंच सरकवा आणि दार लोटून घ्या.