कीर्तिमुख

देवळाच्या उंबरठ्यावर, दाराच्या माथ्यावर, शिखरावर आणि मूर्तीमागच्या प्रभावळीच्या टोकाशी दिसणारे उग्र मुख म्हणजे कीर्तिमुख. बटबटीत डोळे, वळलेली शिंगे, फेंदारलेल्या नाकपुड्या, बाहेर आलेले सुळे. खालचा जबडा बहुधा नसतोच, आणि गळ्याखाली धडही नसते. हे धड गेले कुठे, याची कथा शिवपुराणाच्या रुद्रसंहितेतील युद्धखंडात येते.

शिवाच्या तिसऱ्या नेत्रातील अग्नी समुद्रात पडून जालंधर हा दैत्य जन्मला. पुढे तो बलाढ्य राजा झाला. नारदाच्या तोंडून पार्वतीच्या रूपाचे वर्णन ऐकून त्याने राहूला दूत म्हणून कैलासावर धाडले. स्मशानात राहणाऱ्या, अंगाला राख फासणाऱ्या जोग्याला असे स्त्रीरत्न शोभत नाही, असा त्याचा निरोप होता. राहूचे बोलणे पुरे होते न होते तोच शिवाच्या भुवयांमधून एक भयंकर पुरुष प्रकटला: सिंहाचे तोंड, लवलवती जीभ, विस्तवासारखे डोळे आणि वाळून गेलेले अंग. तो राहूला गिळायलाच धावला. दूताला मारू नये या न्यायाने राहूने शंकरालाच शरण जाऊन जीव वाचवला. पण भूक तशीच राहिली होती. ‘आता मी काय खाऊ?’ असे त्या जीवाने विचारले तेव्हा शंकर म्हणाले, ‘स्वतःच्या हातापायांचे मांस खा.’ त्याने आज्ञा शब्दशः पाळली आणि खाता खाता फक्त मस्तक उरले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले आणि आपल्या दारी कायमचे ठेवून घेतले. त्याला आधी न पूजता केलेली पूजा व्यर्थ जाते, असेही कथा बजावते. पद्म आणि स्कंद पुराणांतही ही कथा आहे.

सगळे काही गिळणारा काळ किंवा स्वतःलाच खाणारा अहंकार असे अर्थ या कथेला लावले जातात. ते गैर नाहीत, पण कथेची खरी ताकद त्या भुकेल्या जीवाच्या आज्ञापालनात आहे. त्याने एकदाही हुज्जत घातली नाही. शिवाय ज्याच्यावर तो धावला तो राहूही समुद्रमंथनानंतर विष्णूने शिर उडवलेला, नुसते मस्तक उरलेला. दोन धडहीन मुखांची ही गाठ कथाकाराने जाणून घातली असावी, इतकी ती चपखल आहे.

महाराष्ट्रातील जुन्या दगडी देवळांत कीर्तिमुख पाहायचे तर आधी खाली पाहावे. गाभाऱ्याच्या उंबरठ्यात मध्यभागी मंदारक, म्हणजे पुढे आलेला अर्धगोल दगडी भाग, असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक कीर्तिमुख. पावलांनी आणि पाण्याने ही मुखे पुष्कळदा इतकी गुळगुळीत होतात की डोळ्यांचे दोन उंचवटे तेवढे हाताला लागतात. त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते, आणि आत पाऊल टाकणाऱ्याचे पाप ते खाते अशी लोकसमजूत आहे. भिंतीच्या तळाशी अशा मुखांची सलग ओळ असली तर तिला ग्रासपट्टी म्हणतात. काही ठिकाणी त्याच्या तोंडातून मोत्यांच्या माळा लोंबताना कोरतात. उग्र चेहऱ्याखालचे हे नाजूक काम पाहताना शिल्पकाराच्या हाताचे कौतुक वाटते.

शिवाच्या दारचा हा राखणदार वैष्णव, देवीच्या आणि जैन मंदिरांतही रुळला. मकरतोरण या कोरीव कमानीत दोन्ही टोकांना मकर, म्हणजे मगरीसारखा काल्पनिक जलचर, आणि माथ्यावर कीर्तिमुख अशी मांडणी असते. जावा बेटावर हेच मुख काल या नावाने ओळखले जाते; 9व्या शतकातील बोरोबुदूर हा बौद्ध स्तूप आणि प्रांबानन ही हिंदू मंदिरे, दोन्हीकडे ते द्वारांवर आहे. नेपाळात त्याला छेपू म्हणतात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभाशी, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक पशूशी, त्याची गल्लत होते. शरभाला धड, पाय आणि शेपूट असते, बहुधा पायाखाली हत्तीही, तर कीर्तिमुख नेहमी समोरून पाहणारे, नुसते मुखच असते.