मृत्यू आणि वारसा : दोन महायुद्धांमधील अमेरिकन काव्य व कथा

पहिले महायुद्ध १९१८मध्ये संपले आणि दुसरे १९३९मध्ये सुरू झाले. मधल्या दोन दशकांत अमेरिकन कवी आणि कथाकार मरणाच्या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळले. मात्र मेल्यावर आत्म्याचे काय होते, हा एकोणिसाव्या शतकाचा आवडता प्रश्न त्यांनी बहुतांशी बाजूला ठेवला. त्यांचा प्रश्न अधिक घरगुती होता : माणूस गेल्यावर जमीन, पत्रे, नाव आणि त्याच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कोणाच्या हाती पडतात आणि घेणारा त्यांचे काय करतो?

या प्रश्नामागे ताजे मरण होते. युद्धात सुमारे १,१६,००० अमेरिकन सैनिक मेले, त्यांतले निम्म्याहून अधिक रोगाने. १९१८-१९च्या फ्लूच्या साथीत देशातली सुमारे ६,७५,००० माणसे दगावली. सैनिकाचा देह परत आणायचा की युरोपातच ठेवायचा, हे सरकारने कुटुंबावर सोडले होते. बहुतेकांनी तो परत मागितला, तरी सुमारे ३०,००० जण तिकडेच राहिले. त्यांच्या आयांना आणि विधवांना १९३० ते १९३३ या काळात सरकारने स्वखर्चाने थडग्यांपाशी नेऊन आणले. कृष्णवर्णीय आयांना मात्र वेगळ्या जहाजांतून. साहित्यात जमीन आधीच नांगरलेली होती. एडगर ली मास्टर्सच्या ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’त (१९१५) एका गावचे मेलेले लोक टेकडीवरच्या दफनभूमीतून बोलतात आणि थडग्याच्या दगडावर कोरलेले बरेचसे खोटे असल्याचे सांगून टाकतात.

कथेत हा विषय सर्वांत जवळून पाहिला तो कॅथरीन ॲन पोर्टरने. १९१८मध्ये डेन्व्हर शहरात ती स्वतः फ्लूने मरणाच्या दारी पोचली होती. आपल्या वर्तमानपत्राने निधनवार्ता जुळवून ठेवली होती, असे ती पुढे सांगत असे. दुखण्यातून ती उठली तेव्हा केस पांढरे झाले होते. ‘द जिल्टिंग ऑफ ग्रॅनी वेदरऑल’ (१९३०) या कथेतली ऐंशीला टेकलेली म्हातारी बिछान्यातून डॉक्टरला पोरसवदा म्हणून हाकलते आणि उद्याची कामे मनात मांडत पडते. माळ्यावरच्या पेटीत दोन पुरुषांची पत्रे आहेत. एक तिचा नवरा, दुसरा लग्नाच्या दिवशी न आलेला. ती पोरांच्या हाती लागण्याआधी आवरायला हवीत. गंमत अशी, की साठीतच तिने मरणाची सगळी तयारी केली होती : मुलानातवंडांना भेटून आली, मृत्युपत्र केले, तापाने आडवी झाली आणि ठणठणीत उठली. त्यामुळे मरणाचा विषय कायमचा मिटला, असे ती धरून चालली. आता खरी वेळ आली तेव्हा काहीच झालेले नाही. जांभळ्या खड्यांचे दागिने मुलगी कॉर्नेलियाला, पण दुसऱ्या मुलीला, हॅप्सीला, हवे तेव्हा घालू द्यायचे. चाळीस एकरांचा तुकडा जिमीला नको, लिडियाला लागेल. ही वाटणी ती घाईघाईने सांगू पाहते आणि ज्या हॅप्सीसाठी जीव टांगला आहे, ती बहुधा केव्हाच गेलेली आहे. तरुणपणी विधवा झाल्यावर या बाईने शंभर एकरांना कुंपण घातले होते, खांबांचे खड्डे स्वतः खणून. खरा वारसा तो. पण वाटणीत तो कोणाच्याच नावे लागत नाही. पोर्टरचीच ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ उलट्या टोकाकडून पाहते. तिथे मुली मेलेल्या आत्याची दंतकथा ऐकत वाढतात आणि पुढे एक नातेवाईक बाई ती दंतकथा चिरफाळून हाती देते.

विला कॅथरच्या ‘नेबर रॉसिकी’त (लेखन वडिलांच्या निधनाच्या सुमाराचे, संग्रहात १९३२) नेब्रास्कातला पासष्ट वर्षांचा चेक शेतकरी हृदय अधू झाल्याचे डॉक्टरकडून ऐकून घरी निघतो आणि बर्फ भुरभुरत असताना आपल्या गवताच्या कुरणाला लागून असलेल्या दफनभूमीपाशी गाडी थांबवतो. जागा त्याला आवडते. ऐसपैस, घरासारखी, इथून आपली गुरे दिसतील. पैसा मागे ठेवण्याची त्याला फार पर्वा नाही. मुलाच्या शेतातले काटेरी तण काढताना त्याला झटका येतो, आणि कथेतला वारसा त्याच्या तपकिरी, उबदार हातातून सुनेकडे जातो. हे सारे भाबडे होण्याच्या काठावर आहे. त्याला सावरते ते शेवटच्या दृश्यातले कुंपणापलीकडे उभे असलेले गवत कापायचे यंत्र.

कवितेत वस्तूंचा असाच हिशेब वॉलेस स्टीव्हन्सच्या ‘द एम्परर ऑफ आइसक्रीम’मध्ये (१९२२) आहे. घरात बाईचे प्रेत आहे. स्वस्त लाकडी कपाटाच्या काचेच्या तीन मुठी गळालेल्या आहेत. तिनेच कधीकाळी नक्षी भरलेली चादर तिच्या तोंडावर ओढायची. पाय उघडे पडले तर पडू देत. स्वयंपाकघरात आइसक्रीम फेटले जाते आहे. स्टीव्हन्स हार्टफर्डमधल्या विमा कंपनीत नोकरी करी, हे या कवितेच्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. ‘अ पोस्टकार्ड फ्रॉम द व्होल्केनो’त (१९३६) पुढच्या पिढीची पोरे आमची हाडे वेचतील, पण आम्ही कसे पळत होतो ते त्यांना कळणार नाही, असे मेलेले म्हणतात. रॉबर्ट फ्रॉस्टच्या १९२३मधल्या एका छोट्या कवितेत वापरात नसलेल्या दफनभूमीत जिवंत माणसे दगड वाचायला येतात, मेलेले मात्र नवे कोणी येत नाही. कवीला वाटते, दगडांना खोटेच सांगावे की माणसांनी आता मरणे सोडले. कवी रॉबिन्सन जेफर्स दगड घडवणाऱ्यांना काळापुढे संगमरवर हरणार हे ठणकावून सांगत होता आणि त्याच वर्षांत कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथे ग्रॅनाइटचा मनोरा स्वतःच्या हातांनी रचत होता. तो मनोरा आजही उभा आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडच्या (कॉन्फेडरेट) राज्यांतल्या लेखकांना वारसा टाकताही येत नव्हता, पेलतही नव्हता. ॲलन टेटच्या ‘ओड टु द कॉन्फेडरेट डेड’चा (१९२८) नायक दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहतो, पाने उडतात, आत शिरणे जमत नाही. कविता जड आहे, पण अडखळणे हाच तिचा विषय. विल्यम फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’त (१९३०) १८९४मध्ये गावचा महापौर कर्नल सार्टोरिस याने माफ केलेला कर मिस एमिली पुढच्या पिढीलाही भरत नाही. ती मेल्यावर वरची बंद खोली फोडणारे गावकरी, म्हणजे कथा सांगणारे ‘आम्ही’, तिथल्या प्रियकराच्या सांगाड्याशेजारच्या उशीवर तिचा एक पोलादी करड्या रंगाचा केस शोधून काढतात. वारस नसलेल्या बाईचा वारसा गावाच्या कुतूहलाला मिळतो.

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या वडिलांनी १९२८मध्ये आत्महत्या केली. ‘फादर्स अँड सन्स’ (१९३३) या कथेत निक गाडी चालवताना वडिलांची नजर आणि शिकार आठवत राहतो; शेजारी बसलेला मुलगा विचारतो, आजोबांच्या थडग्यावर आपण प्रार्थना करायला का जात नाही? आपण दुसऱ्या भागात राहतो, फार लांब आहे, असे बाप सांगतो. या काळातला हा सर्वांत प्रामाणिक टाळाटाळीचा संवाद म्हणता येईल.

टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये (१९२२) मेलेल्या माणसांनी नव्हे, संस्कृतीनेच मागे सोडलेला ढिगारा आहे. हार्वर्डमध्ये संस्कृत शिकलेल्या या कवीने शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या ‘दत्त, दयध्वम्, दम्यत’वर (द्या, दया करा, संयम ठेवा) आणि शांतिपाठावर आणला. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेची चर्चा करताना मराठी समीक्षकांनी एलियटचे नाव वारंवार घेतले आहे.

गुलामीतून आलेल्या कृष्णवर्णीय कवींपुढे प्रश्न वेगळा होता : जे लिहूनच ठेवले गेले नाही, त्याचा वारस कसे व्हायचे? काउंटे कलन या कवीची ‘हेरिटेज’ (१९२५) आफ्रिका आपली कोण, असे विचारून तळमळते. लँग्स्टन ह्यूजने मेक्सिकोला वडिलांकडे जाताना मिसिसिपी ओलांडणाऱ्या आगगाडीत, कोवळ्या वयात, ‘द नीग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स’ लिहिली (प्रसिद्धी १९२१). त्यात वंशावळीच्या जागी नद्या आहेत : युफ्रेटिस, काँगो, नाईल आणि मिसिसिपी. ह्यूज १९६७मध्ये वारला. त्याची रक्षा आता न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉम्बर्ग केंद्रात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संशोधन-ग्रंथालयात, या कवितेवरून रचलेल्या जमिनीवरच्या नक्षीखाली ठेवलेली आहे आणि येणारे-जाणारे तिच्यावरून चालत जातात.